लिंबू, ऊन आणि बिननावाची डबी

प्रश्न: ताई, मी २४ वर्षांची आहे. कोल्हापुरात कळंब्याला राहते, गुजरीत एका सराफाच्या दुकानात काउंटरला असते. दर महिन्याला पाळीच्या आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला पुटकुळ्या येतात. त्या गेल्या की काळे डाग राहतात. वैशाखात माझं लग्न आहे. आत्यानं सांगितलं म्हणून हळद, मसुराचं पीठ आणि लिंबाचा रस असा लेप लावायला लागले. मागच्या रविवारी लेप लावून गच्चीवर केस वाळवत बसले. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून गालाची आग व्हायला लागली, जबड्यापाशी बारीक फोड आले आणि आता तिथं ओघळ आल्यासारखे तपकिरी पट्टे उमटलेत. आत्या म्हणते, "आतली घाण बाहेर पडतीया, थांबू नको." आज्जी म्हणते, ते सगळं बंद कर आणि साय-बेसन लाव. मैत्रिणीनं तिच्या ओळखीच्या पार्लरमधून एक पांढरी डबी आणून दिलीय. तिच्यावर नाव-गाव काही नाही, पण मैत्रिणीचा चेहरा पंधरा दिवसांत उजळला हे मी स्वतः पाहिलंय. घरचे उपाय खरंच सुरक्षित असतात का? काय लावू, काय नको? आणि ती डबी वापरू का?

उत्तर:

प्रिय लेकी,

आधी दोन गोष्टी आजच कर. लेप बंद कर, आणि डबी उघडली नसशील तर उघडू नकोस. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल.

तुझ्या गालावर जे झालंय तो भाजल्याचा प्रकार आहे. घाण वगैरे काही बाहेर पडत नाहीये. आपल्याकडच्या रोजच्या कागदी लिंबात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. रसात थोडी, सालीत जास्त. ती कातडीवर असताना ऊन पडलं की उन्हातल्या यूव्हीए किरणांनी ती पेटून उठतात आणि पेशींना इजा करतात. आपण लिंबाची फोड मुठीत धरून पिळतो तेव्हा सालीतलं तेलही रसात उतरतं. कितीतरी जणी तर पिळलेली फोडच गालावर घासतात. डॉक्टर या त्रासाला फायटोफोटोडर्माटायटिस म्हणतात. वनस्पतीचा रस आणि ऊन मिळून झालेला दाह, एवढाच त्याचा अर्थ.

यातली फसवी गोष्ट अशी की आग लगेच होत नाही. साधारण एक दिवस उलटला की सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त होते. तोवर लेप धुतलेला असतो, रविवार विसरलेला असतो, आणि संशय जातो नव्या साबणावर नाहीतर दुकानातल्या एसीवर. तू मात्र पत्रात ओघळांचा उल्लेख केलास आणि सगळं स्पष्ट झालं. साधं पुरळ किंवा ॲलर्जी सहसा अशी ओघळांसारख्या पट्ट्यांनी उमटत नाही. पातळ लेपाचा रस जिथून ओघळला, तिथंच कातडी भाजली.

हे पट्टे जातील. काही आठवडे लागतील, कदाचित काही महिने. वैशाखापर्यंत ते बरेच फिके पडलेले असतील, पण तेवढ्या काळात त्यांना घासायचं नाही, ब्लीच करायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही. फोड राहिले असतील तर फोडू नकोस. गार पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ सुती कापडाच्या घड्या ठेव, वरून साधी पेट्रोलियम जेली पातळ लाव. दुसरं काही नको. चेहरा बरा होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, पुटकुळ्यांचं औषधसुद्धा त्या जागी लावायचं नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. घरचे उपाय सुरक्षित असतात का, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण स्वयंपाकघरातल्या सगळ्याच वस्तू एका जातीच्या नाहीत. वस्तू घरची आहे की दुकानातली, यावरून काहीच ठरत नाही. ती कातडीवर नेमकं काय करते ते बघावं लागतं.

लिंबाचंच घे. शाळेत सामू (पीएच) शिकवलेला आठवत असेल, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. चेहऱ्याच्या कातडीचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, म्हणजे ती स्वतःच किंचित आम्लधर्मी असते आणि या आम्लतेच्या जोरावरच जंतूंना रोखते. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास. आकड्यांत फरक तीनचा दिसतो, पण सामूच्या मोजणीत एकेक अंक म्हणजे दहापट, म्हणून लिंबाचा रस कातडीपेक्षा हजारपट आम्ल ठरतो. "पण त्यात व्हिटॅमिन सी असतं ना," असं मला दुकानात बऱ्याच जणी विचारतात. (मी शाहूपुरीत औषधांचं दुकान चालवते, काउंटरवर रोज उभी असते, म्हणून हे माझ्या कानावर सतत पडतं.) असतं, पण किती? १०० मिलिलिटर रसात ३० ते ५० मिलिग्रॅम. डागांसाठी डॉक्टर जे व्हिटॅमिन सीचं सीरम देतात ते १० ते २० टक्क्यांचं असतं, म्हणजे त्याच मापात १०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. लिंबातून औषधाचा दोनशे-तीनशेवा भाग मिळतो आणि आम्ल मात्र पुरेपूर मिळतं. लिंबू चेहऱ्यावर कधीच नको. उन्हात नको, रात्री नको, मधात मिसळून नको, कापून हळूच फिरवूनही नको.

लिंबाच्याच रांगेत आणखी काही वस्तू बसतात. खायचा सोडा अल्कधर्मी आहे, तो कातडीचं संरक्षण उलट्या बाजूनं मोडतो. ठेचलेला लसूण पुटकुळीवर बांधला तर खरोखर भाजल्यासारखी जखम होते. टूथपेस्ट दातांसाठी आहे, तिच्यातला मेंथॉल गार लागतो म्हणून बरं वाटतं, पण कातडी सोलवटते. व्हिनेगर नको. आणि गावाकडे पुटकुळीवर, तिळावर पानाचा चुना लावतात तो तर मुळीच नको. चुन्याचा सामू १२ च्या घरात असतो, त्यानं पडलेला खड्डा आयुष्यभर राहू शकतो. साखर, मीठ किंवा अक्रोडाच्या कवचाची पूड चेहऱ्यावर घासणं हेही सोड. त्यानं बारीक ओरखडे पडतात आणि आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या कातडीवर प्रत्येक ओरखडा डाग होऊन बसतो.

आज्जीचं साय-बेसन या रांगेत बसत नाही. बेसन तेल शोषून घेतं, चेहरा साफ करतं. साय कोरडी कातडी मऊ करते. दोन्ही निरुपद्रवी आहेत, पण थोडं तारतम्य हवं. साय म्हणजे स्निग्धांश. ज्यांचे गाल थंडीत तडतडतात त्यांना ती चांगली. तुझ्यासारख्या तेलकट, पुटकुळ्यांच्या चेहऱ्यावर ती वारंवार लावली तर रंध्रं बुजायला मदतच होईल. खोबरेल तेलाचंही हेच आहे. हातापायांना, कोपरांना, भेगाळलेल्या टाचांना ते उत्तम, पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला नको. आज्जीला वाईट वाटू नये म्हणून आठवड्यातून एकदा चाळलेलं बारीक बेसन नुसत्या पाण्यात कालवून, न घासता, पाच मिनिटं लाव आणि धुऊन टाक. तेही गाल बरा झाल्यावर. कालवलेलं उरलं तर फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, टाकून द्यायचं. बाजारच्या क्रीममध्ये टिकण्यासाठी काही घातलेलं असतं, आपल्या वाटीत काही नसतं, आणि ओलं पीठ जंतूंना फार मानवतं.

गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध काढून मिळतं, त्यात कापूस बुडवून चेहरा पुसायची सवय बऱ्याच घरांत आहे. तुझ्या चेहऱ्यावर फोड आले आहेत, ते फुटलेले असू शकतात, म्हणून तुला सांगते, कच्चं दूध लावू नकोस. न तापवलेल्या दुधात जंतू असू शकतात आणि उघड्या जखमेतून त्यांना वाट मिळते.

कोरफड चालेल, नीट काढली तर. पान कापल्यावर सालीलगत पिवळा चीक येतो, त्यानं खाज सुटते. पान उभं ठेवून चीक पूर्ण गळू द्यायचा, साल जाड सोलायची, आतला पारदर्शक गर धुऊन घ्यायचा. मुलतानी माती तेलकट कातडीला महिन्यातून दोनदा ठीक, पण ती वाळून तडे जाईपर्यंत ठेवायची नाही. मधही ठीक. बटाटा, टोमॅटो, अंड्याचा पांढरा भाग यांत वेळ घालवू नकोस. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात हेही लक्षात ठेव.

हळदीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती आपल्या घरातली मानाची वस्तू आहे आणि सांगलीची पेठ आपल्या शेजारीच आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये दाह कमी करण्याचा गुण आहे, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. अडचण अशी की हळदपुडीत कर्क्युमिन असतं दोन-पाच टक्के, आणि ते कातडीच्या आत फारसं जात नाही. वर राहतो तो पिवळा रंग. काहींना हळदीची ॲलर्जीही येते, दोन दिवसांनी लाल चट्टे आणि खाज घेऊन. याहून मोठी काळजी सुट्या पुडीची. रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत मेटानिल यलो हा कृत्रिम रंग किंवा शिशाचं क्रोमेट मिसळल्याचे प्रकार देशात आढळले आहेत. चेहऱ्याला काय आणि आमटीला काय, हळकुंडं आणून दळून घेतलेली हळदच वापर. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेव. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर ती पुडी घरात ठेवू नकोस.

मग इतक्या जणी छातीठोकपणे "मला गुण आला" असं का सांगतात? त्या खोटं बोलत नाहीत. साधी पुटकुळी काही केलं नाही तरी साधारण आठवड्याभरात बसते. ती टपोरी झाली की आपण घाबरून तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीतरी लावतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत ती आपोआप ओसरते. श्रेय त्या दिवशी वाटीत जे होतं त्याला मिळतं. पाळीच्या आधी येणाऱ्या पुटकुळ्यांचं तर आणखीच सोपं आहे, पाळी झाली की त्या जातातच. आत्याच्या तरुणपणी तिलाही असाच अनुभव आला असणार. तिला "तुझ्यामुळं माझा चेहरा भाजला" असं म्हणू नकोस. "लेप लावून उन्हात बसले म्हणून भाजलं, आता गाल बरा होईपर्यंत काही लावायचं नाही," एवढं सांग. लग्नघर आहे, आत्याचा मान आहे, आणि सांगितलेलं खोटंही नाही.

वनस्पतीपासून मिळणारं काही उपयोगीच नसतं असंही मी म्हणत नाही. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर एक चाचणी झाली. टी ट्री नावाच्या झाडाच्या तेलाचं ५ टक्क्यांचं जेल आणि पुटकुळ्यांचं नेहमीचं औषध बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना केली. दोन्हींनी पुटकुळ्या कमी झाल्या, तेलाचा गुण उशिरा आला, पण त्रास कमी झाला. म्हणजे वनस्पतीचं औषध मोजून, ठरावीक तीव्रतेचं करून, दुसऱ्या औषधाशी ताडून बघता येतं. चिमूटभर आणि अर्ध्या फोडीचा लेप असा ताडून बघता येत नाही, कारण दर वेळी तो वेगळाच होतो.

तुझ्या पुटकुळ्यांचं मूळ आत आहे. पाळीच्या आधी संप्रेरकं (हार्मोन्स) बदलतात, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो, आत जंतू वाढतात आणि सूज येते. बेसन वरचं तेल पुसेल, पण तो बूच काढू शकणार नाही. त्यासाठी औषध लागतं, आणि ते महाग नाही. २.५ टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू कमी करतं (उशीचा अभ्रा आणि ओढणी सांभाळ, कापडाचा रंग उडतो). ॲडापॅलिन ०.१ टक्के हे रात्री मटारच्या दाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला लावायचं असतं, ते बूच बसूच देत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा कोरडा पडतो, कधी पुटकुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, आणि तिथंच बहुतेक मुली औषध सोडून पुन्हा लिंबाकडे वळतात. खरा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. तुझ्याकडे साधारण तेवढाच वेळ आहे, म्हणून डॉक्टरांकडे जाणं पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण लग्न ठरलेल्या मुलींना ती क्वचितच कुणी सांगतं. ॲडापॅलिन गरोदरपणात वापरत नाहीत. पुटकुळ्यांसाठी देतात ती आयसोट्रेटिनॉइनची गोळी तर गरोदरपणात पूर्ण निषिद्ध आहे, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, आणि गोळी थांबवल्यावरही किमान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात. लग्नानंतर लवकर बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच मोकळेपणानं सांग. ॲझेलाइक ॲसिड हा त्यांच्याकडे दुसरा पर्याय असतो. ते पुटकुळ्या आणि डाग दोन्हींवर चालतं आणि गरोदरपणातही देता येतं. पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही सांग, म्हणजे पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडानं होणाऱ्या अंडाशयाच्या त्रासाची, तपासणी होईल.

आता त्या डबीविषयी. तुझ्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींमध्ये मला सगळ्यात जास्त भीती हिचीच वाटते. लिंबानं भाजलेलं दिसतं तरी. डबीचं उलटं असतं, आधी सुंदर दिसतं.

पंधरा दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते. पहिली म्हणजे स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी मलमं त्वचारोगात ठरावीक दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायची असतात. ती साध्या क्रीममध्ये कालवून डब्या भरल्या जातात. सुरुवातीला लाली जाते, पुटकुळ्या बसतात, रंग फिका होतो. मग कातडी पातळ होते, गालावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागतं, चेहऱ्यावर लव वाढते, आणि लावायचं थांबवलं की चेहरा लालबुंद होऊन आग आग होते. म्हणून बाई पुन्हा तीच डबी आणते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी इतके चेहरे असे बिघडलेले पाहिले की त्यांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलं. २०१८ साली केंद्र सरकारनं बरीचशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. तरी लोक माझ्या काउंटरवर येतात आणि ट्यूबचं नाव सांगून मागतात. मी देत नाही. काही जण रागावून पुढच्या दुकानात जातात, त्याचं मला वाईट वाटतं, पण मी देत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पारा. पारा कातडीतला रंग तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून चेहरा गोरा दिसतो, आणि तो कातडीतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांत साठतो. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडले आणि चौकशीत चेहरा उजळवणारी क्रीमं हाच त्यांच्यातला समान धागा निघाला. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, याहून जास्त चालत नाही. बिननावाच्या डबीला हा नियम कोण लावणार? कायद्यानं प्रत्येक प्रसाधनावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असावी लागते. यातलं काहीच नसेल तर ती वस्तू कुणी आणली, किती प्रेमानं आणली, हे बघायचं नाही.

मैत्रिणीलाही सांग. ती महिनोन् महिने लावत असेल तर एकदम बंद करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना डबीसकट दाखवू दे, कारण स्टिरॉइड एकदम सोडलं तर त्रास उसळतो. पायांवर, डोळ्यांभोवती सूज किंवा लघवीला फेस असेल तर लघवीची तपासणी लगेच. हे ऐकून ती दुखावेल, कदाचित तुझ्याशी अबोला धरेल. तरी सांग.

रोजचं काय करायचं, ते सोपं आहे. दोन वेळा सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवायचा, तेलविरहित मॉइश्चरायझर, आणि सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, यूव्हीएपासूनही वाचवणारं सनस्क्रीन. दोन बोटांच्या लांबीएवढं घे, चिमूटभर नाही. कळंब्याहून गुजरीपर्यंत स्कूटरवर जातेस तेव्हा चेहऱ्याला स्टोल बांधत असशीलच. तो सुती घे आणि रोज धू. घामट, सिंथेटिक स्टोल आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर घासला जातो, आणि तुझ्या पुटकुळ्या नेमक्या तिथंच आहेत. पट्टाही पुसत जा. पुटकुळ्या दाबायच्या नाहीत. तांबडा रस्सा खाल्ल्यानं पुटकुळ्या येतात याला आधार नाही, निवांत खा. गोड, मैदा आणि जिममधली व्हे प्रोटीनची पावडर यांनी मात्र काहींना वाढतात.

नवीन काहीही, घरचं असो की दुकानातलं, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर सात ते दहा दिवस लावून बघ. एक रात्र पुरत नाही, ॲलर्जी उशिराही उठते. चेहऱ्यावर जितका वेळ ठेवणार तितकाच वेळ तिथं ठेव.

हळदीच्या कार्यक्रमाची काळजी करू नकोस. घरच्या हळकुंडांची हळद, पाण्यात किंवा दुधात कालवलेली, त्यात लिंबू नको आणि बाजारचा तयार सुगंधी लेपही नको. आठवडाभर आधी ती हातावर लावून बघ. त्या दिवशी गालाला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दे, बायकांना गालाला नुसतं बोट टेकवायला सांग, उरलेली हळद हातापायांना. मग लगेच धू आणि मांडवातल्या उन्हात बसू नकोस. पार्लरचं फेशियल, ब्लीच, जे काही नवीन असेल ते लग्नाच्या आधीच्या दोन आठवड्यांत नको.

आणि उजळण्याविषयी. तू पत्रात तुझ्या पुटकुळ्यांविषयी लिहिलंस, डागांविषयी लिहिलंस, रंगाविषयी तक्रार कुठंच केली नाहीस. डबी मात्र रंग बदलण्यासाठी आली आहे. कुणी बोललंय का तुला? सासरकडून कुणी? तसं असेल तर आईला सांग, मला पुन्हा लिही. सावळेपणा हा आजार नाही, त्याला माझ्या दुकानात औषध नाही आणि ठेवणारही नाही. डाग जातील, पुटकुळ्या आटोक्यात येतील, तुझा रंग तुझाच राहील, आणि तो तसाच चांगला आहे.

या आठवड्यात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा तुमच्या जवळच्या एमडी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लेपात काय काय होतं, कधी लावलं, किती वेळ उन्हात होतीस, हे कागदावर लिहून ने, आणि डबीही ने. मात्र फोडांतून पू यायला लागला, ताप आला, डोळ्याची पापणी सुजली किंवा लाली गळ्याकडे पसरायला लागली, तर आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी जा. रात्र असली तरी सीपीआरचा अपघात विभाग उघडा असतो.

तुझी ताई